कबाला वाचायचीये? मग झोहर जरा बाजूला ठेवा

ज्यू धर्मातल्या गूढ परंपरेबद्दल, म्हणजे कबालाबद्दल, कुठेतरी ऐकलं की बरेच जण थेट झोहर, म्हणजे तिचा मुख्य ग्रंथ, उघडतात, नाहीतर नेटवर ते दहा गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असलेलं झाडाचं चित्र दिसतं त्याच्या मागे लागतात, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं सोडून देतात कारण काही म्हणजे काहीच कळत नाही. ह्यात वाचणाऱ्याची चूक नसते. हे ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांना तोरा (बायबलमधली पहिली पाच पुस्तकं) पाठ होती, तालमुद (ज्यू धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा मोठा संग्रह) वर्षानुवर्षं घोटून झालेलं होतं, आठवडाभराच्या प्रार्थना तोंडात बसलेल्या होत्या, आणि त्यावर हा मजला चढवला होता. आपल्याकडे तो पाया नसतो. पण म्हणून आपल्याला ह्यातून काही मिळणारच नाही असं अजिबात नाही, फक्त क्रम बदलायला लागतो. मी स्वतः ज्यू नाही, गेली काही वर्षं हे ग्रंथ वाचतोय, आणि माझं ठाम मत असं झालंय की ह्या परंपरेत शिरायचं दार स्वभावाचं आहे. आधी राग, बोलणं, माफ करणं ह्यावर काम, मग नकाशा, मग झोहर, आणि १६व्या शतकातले साधक लुरिया वगैरे सगळ्यात शेवटी. ह्या क्रमाने गेलात तर टिकाल.

आधी थोडी तयारी

सगळ्यात आधी बायबलमधला जुन्या कराराचा भाग, जो ज्यू लोकांचा तनाख, त्यातलं निदान उत्पत्ती आणि निर्गम ही दोन पुस्तकं, थोडी स्तोत्रं आणि गीतरत्न एवढं वाचून घ्या. मराठीत सहज मिळतं. फक्त लक्षात असू द्या की मराठी भाषांतरं ख्रिस्ती परंपरेतून आलेली आहेत, त्यात पुस्तकांचा क्रम वेगळा आहे आणि काही ठिकाणी अर्थाचा कलही वेगळा आहे, त्यामुळे एखादी ओळ महत्त्वाची वाटली की ज्यू भाषांतरात ताडून बघा. सेफारिया नावाची फ्री वेबसाइट आणि अॅप आहे, त्यावर हिब्रू मजकूर आणि बऱ्याच ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी दिसतं, आणि एका ओळीवर क्लिक केलं की त्यावर कोणी कोणी काय भाष्य केलंय तेही उघडतं. मी जे ग्रंथ खाली सांगणार आहे त्यातले बरेचसे तिथे मिळतील. इंग्रजी कामचलाऊ असलं तरी चालतं, डिक्शनरी जवळ ठेवा.

हिब्रू शिकायलाच पाहिजे का? सुरुवातीला नाही. पण २२ अक्षरं शिका, आठवड्याभरात येतात, कारण पुढे सेफर येत्सिरासारखा ग्रंथ आला की त्यात सगळं विश्वच १० सेफिरोत (ते काय ते पुढे सांगतो) आणि २२ अक्षरं मिळून ३२ मार्गांनी घडलं असं सांगितलेलं आहे, तिथे अक्षर ओळखीचं नसेल तर मजा निघून जाते.

आणि वही. मोबाइलमधली नोट नको, कागदाची वही घ्या. का ते पुढे कळेल.

पहिलं पुस्तक: तोमेर देवोरा

१६व्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या गालीलमधल्या साफेद ह्या डोंगरी गावात एकाच वेळी इतके मोठे साधक आणि पंडित गोळा झाले होते की ज्यू गूढविद्येचा पुढचा सगळा इतिहास तिथून बदलला. त्यातले एक मोशे कोर्दोवेरो, जन्म १५२२, गेले १५७० ला. त्यांनी आधीच्या सगळ्या कबालाची पद्धतशीर मांडणी करणारा पार्देस रिमोनिम हा जाडजूड ग्रंथ लिहिला, तो आपण आत्ता बाजूला ठेवू, आणि एक अगदी छोटं, १० प्रकरणांचं पुस्तक लिहिलं, तेच हे तोमेर देवोरा. एका दुपारी वाचून संपेल एवढं लहान आहे पण तसं वाचू नका प्लीज.

पुस्तकाचा मुद्दा असा की माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय असं म्हणता ना, मग नुसता चेहऱ्यामोहऱ्याने सारखा असून काय उपयोग, वागण्यात ते दिसलं पाहिजे. म्हणून देव जसा वागतो तसं वागायला शिका. पहिलं प्रकरण सगळ्यात मोठं, मीखा संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायातल्या तीन ओळींमधून (७:१८ ते २०) दयेचे तेरा गुण काढून एकेकाचा अर्थ उलगडलाय.

पहिला गुण बघा. कोर्दोवेरो म्हणतात की असा एकही क्षण नाही ज्यात माणसाला वरून जीवनशक्ती मिळत नाहीये. म्हणजे माणूस ज्या क्षणी देवाविरुद्ध वागतोय, बरोबर त्याच क्षणी त्याचा हात हलवायची ताकद देवच पुरवत असतो. तो हात वाळवून टाकू शकला असता पण टाकत नाही, अपमान सोसतो आणि देत राहतो. आता ह्याचं आपण काय करायचं? तर जो आपला अपमान करतोय त्याच्याशी आपलं देणं चालू ठेवायचं, तो अपमान करत असतानासुद्धा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो कारण डोळ्यासमोर एक अगदी विशिष्ट माणूस आला. तुमच्याही येईल.

दुसरा गुण त्याहून जड आहे. प्रत्येक वाईट कृतीतून एक विध्वंसक शक्ती जन्माला येते आणि ती देवासमोर उभी राहून म्हणते, अमक्याने मला केलं. तिलाही जगायला अन्न लागतं. न्यायाने बघितलं तर देवाने म्हणायला हवं की ज्याने तुला केलं त्याच्याकडे जा आणि त्याच्यावर जग. पण देव तसं करत नाही, तिला स्वतःच पोसतो, तो माणूस सुधारेपर्यंत. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या चुकीचं ओझं काही काळ आपण वाहायचं, तो बदलेपर्यंत थांबायचं. इथे मात्र मी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, घरात मारहाण किंवा छळ चालू असेल तर ह्या ओळी तो सहन करत राहायला सांगतायत असा अर्थ काढू नका, आधी सुरक्षित जागी जा, मदत घ्या. हे रोजच्या दुखावण्यांबद्दल आहे, ऑफिसमध्ये क्रेडिट हिसकावणारा, लग्नात टोमणा मारणारी आत्या, असल्या गोष्टींबद्दल.

सातव्या गुणात ते सांगतात की कोणी चूक कबूल करून परत आला तर आधीइतकंच नाही, आधीपेक्षा जास्त जवळ घ्या. आपण काय करतो? "माफ केलं" म्हणतो आणि एक अंतर ठेवतो. आणि आठव्याचा सार असा की समोरच्याने केलेलं चांगलं डोळ्यासमोर ठेवा, वाईट दाबून टाका, आपण बहुतेक वेळा ह्याच्या बरोबर उलट करत असतो.

दुसऱ्या प्रकरणात शरीराचा एकेक अवयव घेतलाय. कपाळावर आठी नको, कोणी आलं तर कपाळ बघूनच त्याला धीर वाटला पाहिजे. कान चांगलं ऐकायला उघडे, निंदेला बंद. डोळे दुसऱ्याचं दुःख बघायला उघडे. नाकातून रागाचा श्वास नको. चेहरा उजळ. तोंडातून चांगलंच. तिसऱ्यात ते सगळ्या जिवांपर्यंत जातात, गरज नसताना रोपटंही उपटू नये, गरज नसताना कोणताही जीव मारू नये असं सरळ लिहिलंय.

आता करायचं कसं ते सांगतो. आठवड्याला एकच गुण. शनिवारी किंवा रविवारी तो परिच्छेद दोनदा वाचा, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, आणि वहीत एक माणूस आणि एक प्रसंग लिहा जिथे हा गुण ह्या आठवड्यात लागू पडणार आहे. "सगळ्यांशी दयेने वागेन" असलं काही लिहू नका, त्याने काही होत नाही. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये अमके बोलायला लागले की मध्ये तोडणार नाही" असं लिहा. मग रोज रात्री झोपायच्या आधी दोन ओळी, आज जमलं की नाही, कुठे फसलं. रोज रात्री दिवसाचा हिशेब मांडणाऱ्या लोकांचा उल्लेख झोहरमध्येही येतो, त्यामुळे ही काही आजच्या सेल्फ-हेल्पची आयडिया नाही, जुनी गोष्ट आहे. तेरा गुण म्हणजे तेरा आठवडे, म्हणजे तीन महिने. तीन महिन्यांनी वही मागून पुढे चाळा, तुमची नेमकी कळ कुठे दुखते ते तिथे लिहिलेलं असेल, मोबाइलमधल्या नोट अशा कोणी चाळत नाही म्हणून वही म्हटलं. आणि हे तीन महिने दुसरा कुठलाही कबालाचा ग्रंथ उघडू नका. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, मान्य, पण ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांना झोहरही शेवटी कंटाळवाणाच वाटतो.

नकाशा: दहा सेफिरोत

आता तुम्ही ते झाडाचं चित्र काढायला मोकळे. कबालात देवाचं मूळ रूप एन सोफ, म्हणजे ज्याला अंत नाही ते, त्याच्याबद्दल काहीच बोलता येत नाही. जे बोलता येतं ते त्याच्यातून उलगडलेल्या दहा सेफिरोतबद्दल: केतेर म्हणजे मुकुट, होखमा म्हणजे प्रज्ञा, बिना म्हणजे समज, मग हेसेद म्हणजे प्रेम आणि देणं, गेवुरा म्हणजे ताकद, मर्यादा, न्याय, तिफेरेत म्हणजे ह्या दोघांना जुळवणारं सौंदर्य, नेत्साह म्हणजे चिकाटी, होद म्हणजे तेज, येसोद म्हणजे पाया आणि शेवटी मालखुत म्हणजे राज्य, जिला शेखिना, देवाचं जगात नांदणारं रूप, असंही म्हणतात आणि जिचं वर्णन स्त्रीरूपात येतं.

आपल्याकडच्या वाचकांना एक मोह हमखास होतो, सेफिरोत म्हणजे चक्रं, एन सोफ म्हणजे निर्गुण ब्रह्म, शेखिना म्हणजे शक्ती, असं लावून मोकळं व्हायचं. थोडी साम्यं आहेत, नाही असं नाही. पण हे लावून टाकलं की वाचणं थांबतं, कारण मग तुम्हाला जे आधीच माहीत आहे तेच परत दिसायला लागतं. चक्रं साधकाच्या शरीरात आहेत. सेफिरोत हे आधी देवाबद्दलचं बोलणं आहे, आणि त्यातली खरी ओढाताण हेसेद आणि गेवुराची, किती द्यायचं आणि कुठे थांबायचं ह्याची. पहिली दोन-तीन वर्षं तुलना न करता वाचा, मग खुशाल करा.

हा नकाशा पाठ करायची सगळ्यात चांगली पद्धत परंपरेतच आहे. पेसाह ह्या ज्यू सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत ह्या सणापर्यंत ४९ दिवस रोज रात्री दिवस मोजायचे असतात, ह्याला ओमेर मोजणं म्हणतात, साधारण मार्च-एप्रिल ते मे-जूनमध्ये येतं. सात आठवडे म्हणजे हेसेदपासून मालखुतपर्यंत खालचे सात सेफिरोत, आणि प्रत्येक आठवड्याच्या सात दिवसांत परत तेच सात. पहिला दिवस हेसेदमधलं हेसेद, दुसरा दिवस हेसेदमधलं गेवुरा, असं करत करत ४९. ज्यू माणसासाठी ही मोजणी धार्मिक आज्ञा आहे आणि तिला आशीर्वचन आहे, आपण ज्यू नसू तर ते आशीर्वचन म्हणायची गरज नाही, पण त्या दिवसाच्या जोडीवर विचार करायला कोणाची ना नाही. हेसेदमधलं गेवुरा म्हणजे प्रेमात मर्यादा, मुलाला प्रत्येक वेळी हो म्हणता का, का म्हणता, ह्यावर रात्री चार ओळी लिहून बघा. सात आठवड्यांनी ते झाड चित्रातून निघून तुमच्या घरात आलेलं असेल.

मग तान्या

तान्या हा हसिदी परंपरेतला (पूर्व युरोपातली १८व्या शतकातली ज्यू भक्तिचळवळ) ग्रंथ, लिआदीचे श्नेउर झाल्मान ह्यांनी लिहिला, १७९६ साली पहिल्यांदा छापला. हे खाबाद चळवळीचे संस्थापक. कुलाब्याचं नरिमन हाऊस, ज्याच्यावर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला, ते ह्याच चळवळीचं केंद्र. तान्याचा पहिला भाग ५३ प्रकरणांचा आहे आणि मला विचाराल तर आजच्या माणसासाठी ह्या सगळ्या यादीत सगळ्यात कामाचा ग्रंथ हाच.

कारण हा संतांसाठी लिहिलेलाच नाही. तो मधल्या माणसासाठी आहे, ज्याला तिथे बेनोनी म्हणतात. ग्रंथ म्हणतो की माणसात दोन जीव आहेत, एक प्राणी-जीव जो स्वतःच्या सुखाकडे ओढतो आणि एक दैवी जीव, आणि दोघांनाही विचार, वाणी आणि कृती ही तीनच वस्त्रं घालायला मिळतात. भांडण एवढंच की आत्ता ती वस्त्रं कोणाच्या अंगावर आहेत. बेनोनीच्या मनातल्या वाईट इच्छा मेलेल्या नसतात, आयुष्यभर मरणारही नाहीत कदाचित, पण तो त्यांना विचार, वाणी, कृतीचा ताबा घेऊ देत नाही. आणि २७व्या प्रकरणात ते म्हणतात की नको ते विचार आले म्हणून खचू नका, ते बाजूला ढकलणं हेच तुमचं काम आहे आणि देवाला त्यातही तितकाच आनंद आहे. ज्यांना ध्यानाला बसलं की मन भरकटतं म्हणून अपराधी वाटतं त्यांनी २६, २७, २८ ही तीन प्रकरणं नुसती परत परत वाचावीत. २६व्यात दोन पैलवानांचा दाखला आहे, ताकदीने जास्त असलेला पैलवानही आळसावलेला आणि जड झालेला असेल तर हरतो, म्हणून उदासी आधी झटकायला हवी.

खाबादमध्ये तान्याचे सगळे भाग वर्षभरात पूर्ण होतील असे रोजचे तुकडे पाडलेले आहेत. तो वेग नवख्याला जास्त होतो. दोन दिवसांना अर्धं प्रकरण धरा, नुसत्या पहिल्या भागाला वर्षभर लागणार नाही. सुरुवातीची आठ प्रकरणं कोरडी वाटतील, व्याख्याच व्याख्या आहेत, तिथे अडकून बसू नका, पुढे जा आणि नंतर परत या.

इथेच ब्रास्लावच्या नाखमानबद्दलही सांगतो, हसिदी चळवळीचे संस्थापक बाल शेम तोव ह्यांचे पणतू, १७७२ ते १८१० एवढंच आयुष्य. त्यांची एक साधना अगदी कोणालाही जमेल अशी आहे. रोज एक तास एकट्याने बसून किंवा चालत, आपल्या रोजच्या बोलीत, देवाशी मोठ्याने बोलायचं. पाठ केलेली प्रार्थना नाही, जे मनात असेल ते, आणि काहीच सुचत नसेल तर "काही सुचत नाहीये" हेच. त्यांनी आपल्या लोकांना यिडिशमध्ये बोला म्हणून सांगितलं होतं कारण घरात तीच बोलायचे. आपण मराठीत बोलायचं. तास जमत नसेल तर दहा मिनिटं. पहिले काही दिवस फार विचित्र वाटतं, मग वाटत नाही.

आता झोहर

झोहर १३व्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या कास्तील प्रांतात लोकांसमोर आला. मोझेस द लिओन नावाचे गृहस्थ त्याच्या प्रती देत होते आणि सांगत होते की हे दुसऱ्या शतकातल्या रब्बी (ज्यू धर्मपंडित) शिमोन बार योहाय ह्यांचं आहे. ते १३०५ साली वारल्यावर त्यांच्या बायकोने सांगितलं म्हणे की मूळ प्रत वगैरे काही नव्हती, हे त्यांनी स्वतःच लिहिलं, अशी एक जुनी नोंद आहे. २०व्या शतकात कबालाचे अभ्यासक गेरशोम शोलेम ह्यांनी भाषेचा बारीक अभ्यास करून हेच मत पक्कं केलं, आणि त्यानंतरचे काही अभ्यासक म्हणतात की एकट्या माणसाचं नाही, एका गटाचं काम असावं. श्रद्धाळू ज्यू मात्र तो शिमोन बार योहाय ह्यांचाच मानतात. तुम्हाला आत्ताच बाजू घ्यायची गरज नाही, फक्त दोन्ही गोष्टी माहीत असू द्या, नाहीतर पुढे कुठेतरी हे कळून धक्का बसतो आणि लोक सगळंच फेकून देतात.

ग्रंथ बहुतेक सगळा अरामाईक ह्या हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेत आहे आणि तोराच्या आठवड्याच्या पाठांप्रमाणे लावलेला आहे. भाषांतर घ्यायचं तर डॅनिअल मॅट ह्यांचं प्रिट्झकर आवृत्तीचं घ्या, १२ खंड आहेत, २००४ ते २०१७ मध्ये निघाले, शेवटचे काही खंड दुसऱ्या दोघांनी केले. सगळे विकत घ्यायची गरज नाही, पहिला खंड पुरे. त्यातल्या तळटिपा मजकुराइतक्याच वाचा, कारण झोहर बहुतेक वेळा सेफिरोतची नावं सरळ घेत नाही, चंद्र म्हणेल, राणी म्हणेल, बाग म्हणेल, समुद्र म्हणेल, आणि ते सगळं मालखुतबद्दल असेल.

एक उतारा घेऊन बसायची पद्धत अशी. आधी तो ज्या तोराच्या ओळीवर आहे ती ओळ मूळ जागी जाऊन वाचा, मागचंपुढचंही वाचा, आणि स्वतःलाच विचारा की ह्या ओळीत काय खटकतंय, कुठला शब्द जास्तीचा आहे, कारण झोहर बरोबर तिथेच बोट ठेवणार आहे. मग उतारा गोष्ट म्हणून वाचा. रब्बी हिय्या आणि रब्बी योसे रस्त्याने चालले आहेत, एक गाढववाला भेटतो, वाटतं की अडाणी आहे, आणि तोच त्यांना असं काही सांगतो की ते रडायला लागतात, अशा गोष्टी त्यात आहेत आणि त्या सुंदर आहेत. मग तिसऱ्यांदा तळटिपांसकट. आणि मग वही, एकच प्रश्न, ह्याने माझ्या आजच्या दिवसात काय हललं. एका बैठकीला एक पान खूप झालं. उत्तर आफ्रिकेतल्या काही ज्यू समाजांत अर्थ न कळता झोहरचं पठण करायची प्रथा आहे, आपल्या पारायणासारखं, आणि त्याला त्यांच्याकडे मान आहे, पण आपण ज्यासाठी वाचतोय त्याला हळू वाचणंच लागेल.

सुरुवातीला दोन उतारे शोधून वाचा. एक तोराच्या वस्त्रांचा, ज्यात म्हटलंय की तोरा नुसत्या गोष्टींचं पुस्तक असतं तर आपणही त्याहून चांगलं लिहू शकलो असतो, गोष्टी हे वस्त्र आहे, आत शरीर आहे, त्याच्या आत आत्मा. दुसरा महालातल्या त्या सुंदर मुलीचा, जी आपल्या प्रेमिकाला क्षणभर दार किलकिलं करून दिसते आणि लपते, तोच एकटा तिथे घिरट्या घालत राहतो म्हणून त्याला हळूहळू, पडद्याआडून, मग पातळ पदरातून, आणि शेवटी समोरासमोर. हा उतारा गाढववाल्याच्याच तोंडी आहे. कंटाळा आला की हा काढून वाचा.

कोणाबरोबर वाचायचं आणि कशापासून लांब राहायचं

एकट्याने वाचू नका. ज्यू अभ्यासाची पद्धतच जोडीने बसायची आहे, त्याला हेवरुता म्हणतात, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं, वाद घालायचा. व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून एकदा तासभर बसलात तरी फरक पडतो, तुमच्या डोक्यातल्या भन्नाट कल्पना दुसऱ्यासमोर बोलून दाखवल्या की त्यातल्या निम्म्या तिथेच गळतात.

मिश्नामध्येच (तालमुदचा जुना गाभा) म्हटलंय की यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या रथाचा विषय एका माणसासमोरही मांडू नये, तो शहाणा आणि स्वतःहून समजणारा असल्याशिवाय. तालमुदात चार जण बागेत शिरल्याची गोष्ट आहे, एक मेला, एकाचं मन बिघडलं, एक धर्मापासून तुटला, आणि फक्त रब्बी अकिवा नीट परत आले. ४० वर्षं वयाची जी अट लोक सांगतात तिला मात्र इतिहास आहे. १६६६ मध्ये स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या शब्ताई त्स्वीने, ज्याची सगळी मांडणी कबालातून आली होती, सुलतानाच्या दबावाखाली इस्लाम स्वीकारला आणि अर्धं ज्यू जग कोसळलं, त्यानंतरच्या अशाच पंथांमुळे १७५६ ला पूर्व युरोपातल्या ब्रॉडी शहराच्या रब्बींनी झोहरला ३० आणि लुरियाच्या लिखाणाला ४० वयाची अट घातली. लुरिया स्वतः ३८व्या वर्षीच गेले होते. म्हणजे वयाचा आकडा धरून बसू नका पण त्यामागची भीती खरी होती हे समजून घ्या. उपास, जागरण, देवाच्या नावाच्या अक्षरांची उलटापालट करत तासन्तास जप, ह्या अबुलाफिया नावाच्या मध्ययुगीन साधकाच्या वगैरे वाटेने गुरूशिवाय जाऊ नका. झोप उडाली, आवाज ऐकू यायला लागले, सगळीकडे आकड्यांचे संकेत दिसायला लागले, तर पुस्तक बंद आणि डॉक्टरकडे.

लाल दोरे, मंतरलेलं पाणी, पैसे भरून "लेव्हल" वाढवणारे कोर्स, हे सोडा. टॅरोवाली कबाला ही युरोपातल्या ख्रिस्ती आणि नंतरच्या गुप्तविद्यावाल्यांची वेगळी शाखा आहे, तिचा अभ्यास करायचा तर करा पण ती ज्यू परंपरा समजून करू नका. आणि हिब्रूत देवाचं नाव छापलेली प्रिंटआउट कचऱ्यात टाकू नका, ज्यू लोक असे कागद साठवून पुरतात.

महाराष्ट्रात ह्याचे धागे आहेत. बेने इस्राएल समाज मराठीच बोलतो, मलिदा ह्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याचं नाव घेतो, आणि अलिबागजवळ खंडाळ्यात त्याच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात. हाच एलियाहू साफेदच्या लुरियाला शिकवायला येत असे अशी कबालातली श्रद्धा आहे. पुण्यात तर १८८७ साली अब्राहम डेव्हिड इझिकिएल ह्या बगदादी ज्यू गृहस्थांनी झोहरमधला इद्रा झुटा हा भाग ज्यूडिओ-अरबीत (हिब्रू लिपीतली, ज्यू लोकांची अरबी) भाषांतर करून छापला होता, आणि हे गुपित असं उघड्यावर आणल्याबद्दल रब्बींचा रोष ओढवून घेतला होता. पण म्हणून सिनेगॉगमध्ये जाऊन "कबाला शिकवा" म्हणू नका, तिथे लोक प्रार्थनेला येतात. जायचं असेल तर आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, आणि शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना ऐका. त्यात गायलं जाणारं लेखा दोदी हे गीत साफेदच्याच श्लोमो अल्काबेत्सचं, जे कोर्दोवेरोंचे गुरू आणि मेहुणे. कबाला जगात कशी मिसळली ते त्या दहा मिनिटांत कानाने कळतं.

शेवटी लुरिया

इझाक लुरिया १५७० मध्ये साफेदला आले आणि १५७२ मध्ये साथीत वारले, स्वतः फारसं काही लिहिलं नाही, जे आहे ते बहुतेक त्यांचे शिष्य हायिम विताल ह्यांनी लिहून ठेवलेलं. अनंताने जगाला जागा करून द्यायला स्वतःला आक्रसून घेतलं, मग प्रकाश ओतला, भांडी फुटली, ठिणग्या सगळ्या वस्तूंत अडकून पडल्या आणि माणसाच्या कृतीने त्या परत वर जातात, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकलीच असेल. गोष्ट म्हणून आत्ताही वाचा. पण एत्स हायिमसारख्या मूळ ग्रंथात हात घालायला दोन-तीन वर्षं जाऊ द्या, ते इंजिनीअरिंगच्या पुस्तकासारखं दाट आहे आणि शिकवणारा रब्बी लागतो.

त्याऐवजी विताल ह्यांचाच शाअरे केदुशा घ्या. त्याचा चौथा भाग छापणाऱ्यांनी कित्येक वर्षं वगळला कारण त्यात देवाच्या नावांचे प्रयोग होते. आपल्याला आधीचे तीन पुरेत. पहिल्याच भागात विताल विचारतात की तोराच्या ६१३ आज्ञांमध्ये राग सोडा, गर्व सोडा असं का नाही लिहिलं, आणि उत्तर देतात की त्या आज्ञा पाळायच्या आधीचीच ती तयारी आहे, म्हणून स्वभावदोषांपासून आज्ञांपेक्षाही जास्त सांभाळून राहावं. रोज एक पान, जोडीदाराबरोबर, आणि नवीन वही.